पहिलीतल्या मुलाची हजेरी : कोल्हापुरातल्या नव्या पालकांसाठी

विदर्भ सोडून महाराष्ट्रातल्या शाळा साधारण १५ जूनला उघडतात. त्या दिवशी रविवार आला तर सोमवारी. कोल्हापुरात पाऊसही याच सुमाराला धरतो. सहा वर्षांच्या मुलाला रोज ठरल्या वेळी घराबाहेर पडायची सवय लागायची ती अशी, वर्षातल्या सगळ्यात अडचणीच्या दोन महिन्यांत. ज्यांचे पहिले मूल यंदा पहिलीत बसतेय, किंवा जे कामानिमित्त नुकतेच कोल्हापूर, इचलकरंजी, कागल, शिरोली या भागात राहायला आलेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी हिशेब पाहू. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणे व्हायला हवे. महिन्याला दोन दिवस शाळा बुडाली तर घरात कुणाला त्याचे काही वाटत नाही. पण शाळेचे दहा महिने धरले तर ते २० दिवस होतात, म्हणजे दर दहा दिवसांत एक. पहिलीत सोमवारी काना शिकवतात, मंगळवारी काना असलेले शब्द वाचून घेतात आणि बुधवारी तेच शब्द लिहायला सांगतात. सोमवारी घरी राहिलेले मूल पुढचे दोन दिवस वर्गात बसूनही वर्गाबाहेरच असते. सलग आठ दिवस ताप आला तर ते शिक्षकांच्या लक्षात राहते, राहिलेले ते करून घेतात. असे सुटे दिवस मात्र कुणीच मोजत नाही. म्हणून खालच्या सगळ्या सूचनांचा रोख या सुट्या दिवसांवर आहे.

मेच्या अखेरीस : झोप मागे आणा

उन्हाळ्यात मुले गल्लीत किंवा गच्चीवर रात्री अकरापर्यंत जागी असतात आणि सकाळी साडेआठला उठतात. १४ जूनच्या रात्री नऊला अंथरुणात घातले म्हणून झोप लागत नाही, आणि १५ तारखेची सकाळ रडारडीत जाते. या वयाच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. अकरावरून नऊवर यायचे म्हणजे दोन तास. दर दोन दिवसांनी १५ मिनिटे मागे आणली तर १६ दिवस लागतात, तेव्हा ३० मेच्या आसपास सुरुवात करा.

सुरुवात उठण्याच्या वेळेपासून करायची. आधी सकाळी १५ मिनिटे लवकर उठवा, रात्रीची झोप आपोआप तेवढी अलीकडे येते. उलटे केले तर मूल अंधारात टक्क जागे पडून राहते आणि आईवडील चिडतात. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या वर जाऊ देऊ नका, चारनंतर तर नकोच. मोबाइल आणि टीव्ही निजण्याच्या तासभर आधी बंद. या सोळा दिवसांत लग्न किंवा पाहुणे निघाले आणि एखादी रात्र जागरण झालेच, तर दुसऱ्या दिवशी उठण्याची वेळ तीच ठेवा. एक दिवस मूल पेंगेल, पण सवय मोडणार नाही.

कागदपत्रे

यावर फार वेळ घालवू नका. जन्माचा दाखला, आधार, रहिवासाचा पुरावा, फोटो आणि दुसऱ्या शाळेतून आला असेल तर शाळा सोडल्याचा दाखला, एवढे साधारण मागतात. पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण होणारी मुले घेतात. एखादा कागद नाही म्हणून सहा ते चौदा वयाच्या मुलाचा प्रवेश नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नसणे किंवा जुन्या शाळेचा दाखला उशिरा येणे ही कारणे कायद्यात चालत नाहीत. मुलाला वर्गात बसवा, कागद मागाहून द्या. दोन गोष्टी मात्र डोळ्यांनी तपासा : रजिस्टरमध्ये नावाचे स्पेलिंग आधारप्रमाणेच आहे का, आणि चालू असलेला मोबाइल नंबर लिहिला आहे का. नंबर बंद असला की पावसाळ्यात सुट्टीचा निरोप तुमच्यापर्यंत पोहोचत नाही.

ओले कपडे, ओले बूट

कोल्हापुरात जुलैमध्ये शाळा बुडण्याचे सगळ्यात साधे कारण म्हणजे गणवेश वाळलेला नसणे. ते कुणी कारण म्हणून सांगत नाही. 'जरा कणकण होती' असेच सांगितले जाते. शाळेतून मिळणारे दोन गणवेश उन्हाळ्यात पुरतात, पावसाळ्यात पुरत नाहीत. दोर्‍यावर टाकलेली पँट दोन दिवस दमट राहते. शर्ट दोन चालतील, पण पँट किंवा स्कर्ट तीन लागतात, कारण चिखल गुडघ्याखाली उडतो. तिसरी शिवायची असेल तर सुती कापडापेक्षा टेरीकॉट लवकर वाळते.

धुण्याची रीत अशी : मूल घरी आल्या आल्या कपडे भिजवा, रात्रीवर ठेवू नका. धुऊन पिळल्यावर कोरड्या टॉवेलात गुंडाळून त्यावर पायाने दाबा. निम्मे पाणी टॉवेल ओढून घेतो. मग दोरीवर दुमडून न टाकता हँगरला लावून पंख्याखाली टांगा. कॉलर, कमरेची पट्टी आणि खिसे सगळ्यात शेवटी वाळतात. सकाळी फक्त तेवढ्यावर इस्त्री फिरवली की काम होते. कपड्यांना कुबट वास येत असेल तर ते वाळायला फार वेळ लागला आहे असे समजा. असला गणवेश घालून गेलेल्या मुलाला शेजारी बसणारी मुले चिडवतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या पोटात दुखायला लागते.

बुटांचे तसेच. पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षकांना विचारा, पावसाळ्यात सँडल किंवा प्लॅस्टिकचे बूट चालतात का. बहुतेक ठिकाणी चालतात, पण न विचारल्यामुळे पालक चामडी बुटांवर अडून बसतात. बूट भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बदला. चुलीजवळ किंवा गॅसजवळ ठेवले तर तळवा सुटतो. दप्तरात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कोरडा मोज्यांचा जोड आणि एक छोटा पंचा कायम असू द्या.

छत्री की रेनकोट? पहिली-दुसरीला रेनकोटच. छत्री धरायला एक हात जातो, वाऱ्याने उलटी होते आणि विसरलीही जाते. रेनकोट पाठीवरच्या दप्तरासकट मावेल असा, म्हणजे मुलाच्या मापापेक्षा एक माप मोठा, पण पायात अडकणार नाही इतका घ्या. आतल्या बाजूला मार्करने नाव आणि इयत्ता लिहा. एका वर्गात एकाच निळ्या रंगाचे डझनभर रेनकोट टांगलेले असतात. बटणांपेक्षा चेन बरी, आणि ती मुलाला स्वतः लावता-काढता येते का हे घरी चार वेळा करून बघा. चाळीस मुलांचे रेनकोट काढत बसायला बाईंना वेळ नसतो.

दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत हवे; पहिली-दुसरीसाठी राष्ट्रीय धोरणात १.६ ते २.२ किलो ही मर्यादा दिली आहे. १८ किलोच्या मुलाला १.८ किलो. त्यात रिकामे दप्तर ४५० ग्रॅम, भरलेला डबा ३०० आणि अर्धा लिटर पाण्याची बाटली ६०० धरली की पुस्तक-वह्यांना उरतात जेमतेम ४५० ग्रॅम. म्हणून दप्तर घेताना आधी ते रिकामे उचलून बघा. शाळेत पिण्याच्या पाण्याची सोय चांगली असेल तर बाटली अर्धीच भरा. वेळापत्रकाबाहेरचे एकही पुस्तक नको.

घंटेपासून मागे मोजा

सकाळचे वेळापत्रक उठण्यापासून पुढे आखले की ते नेहमी कोलमडते. घंटेपासून मागे या. समजा शाळा ९ ची आहे आणि चालत वीस मिनिटे लागतात :

८:५० – फाटकात. परिपाठाच्या आधी दप्तर जागेवर ठेवून श्वास घ्यायला दहा मिनिटे हवीत.
८:३० – घरातून बाहेर. पावसात ८:२०.
८:२० – बूट, रेनकोट.
७:५० – खाणे. सहा वर्षांचे मूल भाजी-चपाती किंवा भाकरी-दूध खायला २० ते २५ मिनिटे घेते. पाच मिनिटांत भरवले तर ते वाटेत ओकते.
७:२० – अंघोळ, कपडे, वेणी.
६:५० – शौचाला. याला वेळ द्याच, पुढे सांगतो का ते.
६:३० – उठणे.

रात्री नऊला निजले तर साडेनऊ तास झोप होते. शाळा १०:३० ची असेल तर हे सगळे दीड तास पुढे सरकते. पण उशिराच्या शाळेत एक वेगळीच अडचण असते, ती नव्या पालकांना ठाऊक नसते. आईवडील दोघेही शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात आठच्या आत कामाला गेलेले असतात. आठ ते दहा मूल आजीजवळ टीव्हीपुढे बसलेले असते, आणि दहाला 'आज नको' म्हटले की आजी ऐकते. म्हणून निघण्याआधी मुलाची अंघोळ आणि गणवेश उरकून जा, टीव्ही लावू नका, आणि आजीला एकच गोष्ट सांगून ठेवा : घरी ठेवायचे की नाही हे तिने ठरवायचे नाही, फोन करायचा. तिच्यावरचा भारही त्याने कमी होतो. शेजारच्या दोन-तीन मुलांनी एकमेकांना हाका मारत एकत्र जायचे ठरवले तर फारच उत्तम. दारात मैत्रीण येऊन उभी राहिली की 'आज नको' तोंडातून निघत नाही.

राज्य शासनाने २०२४-२५ पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असे ठरवले आहे. तरी शनिवारी अनेक शाळा अर्धा दिवस आणि नेहमीपेक्षा लवकर भरतात. साडेदहाची सवय असलेल्या घरात शनिवारी सगळे गडबडते आणि 'अर्ध्या दिवसासाठी कशाला' असे म्हणून मूल घरी राहते. वर्षात साधारण चाळीस शनिवार शाळेचे असतात. त्यातले निम्मे गेले तर तेवढ्यानेच २० दिवसांचा आकडा गाठला जातो, कारण हजेरीपटावर अर्ध्या दिवसाची गैरहजेरीही गैरहजेरीच लागते. शुक्रवारी रात्री अर्धा तास लवकर निजवा आणि डब्याला रात्रीच मळलेल्या कणकेची चपाती-गूळ किंवा थालीपीठ असे पटकन होणारे काही ठरवून टाका.

आदल्या रात्रीची कामे पंधरा मिनिटांची आहेत : वेळापत्रक पाहून दप्तर भरणे, पेन्सिलीला टोक, गणवेश हँगरला, मोजे बुटात, रेनकोट दाराच्या खिळ्याला. हे मुलाने करायचे, तुम्ही शेजारी बसायचे. पहिले तीन आठवडे त्याला अर्धा तास लागेल. लागू दे.

डब्याबद्दल थोडे. जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीला दुपारचा पोषण आहार मिळतो. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने असे त्याचे माप आहे. तेव्हा डबा भरगच्च नको. छोट्या सुट्टीत संपेल एवढे द्या. मुलाला शेंगदाणे किंवा एखादे कडधान्य सोसत नसेल तर पहिल्याच दिवशी लिहून द्या.

पहिले तीन आठवडे

फाटकात रडणारे मूल बहुधा दहा-पंधरा मिनिटांत शांत होते, आई दिसत असली तर होत नाही. 'दुपारी सुट्टी झाली की मी इथेच, या झाडाखाली असेन' असे नेमके सांगा, एकदाच जवळ घ्या आणि निघा. खिडकीतून डोकावू नका. गुपचूप सटकूही नका. दुसऱ्या दिवशी ते तुमचा हात सोडणार नाही. आणि सांगितलेल्या वेळी त्या झाडाखाली असाच. तिथे पाच मिनिटांचा उशीर झाला तरी सहा वर्षांच्या मुलाचा जीव खालीवर होतो. रडते म्हणून मधल्या सुट्टीत घरी नेले तर रडल्यावर घरी जाता येते हे ते शिकते, आणि पुढचा महिना तेच चालते.

आता शौचालयाचे. लहान मुले शाळा टाळतात त्यामागे हे कारण जितक्या वेळा असते तितक्या वेळा ते बोलून दाखवले जात नाही. घरी आई चड्डीचे बटण काढून देते, कमोडवर बसवते. शाळेत भारतीय पद्धतीचे भांडे, दाराची कडी उंच, आत अंधार. मूल दुपारपर्यंत लघवी धरून ठेवते, पाणी पिणे बंद करते, मग पोट दुखते, कधी लघवीला जळजळ होते. उपाय जूनच्या आधीचा : चड्डी इलॅस्टिकची शिवा, उकिडवे बसून स्वतः धुवायला शिकवा, डब्याने पाणी ओतायला शिकवा. शाळेत पहिल्या दिवशी मुलाबरोबर जाऊन शौचालय दाखवा आणि 'बाई, लघवीला जाऊ?' हे वाक्य मोठ्याने म्हणून घ्या. सकाळी घरीच शौचाला जायची सवय लागावी म्हणून वरच्या वेळापत्रकात अर्धा तास ठेवला आहे. मुलगा आणि मुलगी यांना वेगळी शौचालये असणे कायद्याच्या निकषातच आहे. ती बंद किंवा तुंबलेली असतील तर शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढा. या समितीत तीन-चतुर्थांश पालकच असतात आणि निम्म्या महिला असतात. तुम्हीही निवडून जाऊ शकता.

घरी आल्यावर 'आज काय शिकवलं?' विचारले तर उत्तर 'काही नाही' असे येते. 'कुणाशेजारी बसलास? खिचडी होती की उसळ? कोण रडलं?' असे विचारा. एखाद्या मुलाचे किंवा मोठ्या माणसाचे नाव निघाले की मूल गप्प होत असेल, तर लक्ष द्या. शाळेत मारणे आणि मानसिक त्रास देणे दोन्ही कायद्याने बंद आहे. असे काही असेल तर मुलाला सक्तीने ढकलू नका. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना भेटा.

एक बरे आहे. शाळा सुरू होऊन दहा-बारा दिवस होतात तोवर २६ जूनला शाहू जयंती येते. शाळाशाळांतून कार्यक्रम असतो, कुठे प्रभातफेरी निघते, आणि कंटाळायला लागलेले मूल पुन्हा रमते. त्या आठवड्यात मुलाला शाहू महाराजांची एक गोष्ट जरूर सांगा : १९१७ मध्ये त्यांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळच्या मजुरीत तो रुपया जड होता. शाळा काढली की मुले आपोआप येतात, असे त्यांनी गृहीत धरले नाही. रोज पाठवण्याची जबाबदारी घरावर टाकली. आजचा कायदाही मुलाला दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य मानतो. दंड नाही, एवढेच.

भिंतीवरचे कॅलेंडर

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज खूण करा. गेला की टिक, नाही गेला की कारणाचे अक्षर : आ – आजार, पा – पाऊस, ग – गावी, का – घरातले काम, न – नको म्हणाला. महिन्याच्या शेवटी मोजा. एकही नाही किंवा एक, ठीक. दोन झाले तर कारण पाहा. तीन झाले तर, कारण कितीही खरे असले तरी, वर्गशिक्षकांना जाऊन भेटा आणि त्या तीन दिवसांत वर्गात काय झाले ते विचारून घ्या.

अक्षरांपेक्षा वार जास्त बोलतात. सगळे शनिवार असतील तर उठण्याची वेळ चुकतेय. सोमवार असतील तर रविवारचा पाहुणचार लांबतोय. गावच्या आठवडी बाजाराचा वार असेल तर धाकट्याला सांभाळायला कुणी नाही. त्यावर अंगणवाडी हा उपाय आहे. नेमका एकाच विषयाच्या किंवा खेळाच्या तासाचा वार पुन्हा पुन्हा येत असेल तर त्या तासाला काहीतरी होतेय. शिक्षकांकडे 'लक्ष द्या हो' असे मोघम सांगायला जाण्यापेक्षा असा महिन्याचा कागद घेऊन जा. बोलणे पाच मिनिटांत मुद्द्यावर येते.

घरी कधी ठेवायचे

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर असेल तर घरी, आणि औषधाशिवाय पूर्ण २४ तास ताप नसला की शाळा. सकाळी पॅरासिटामॉल देऊन पाठवू नका. दुपारी उतारा संपतो, मूल वर्गात फणफणते आणि तोवर शेजारच्या तिघांना लागण झालेली असते. पावसाळ्यात ताप दोन दिवसांच्या वर गेला, अंगावर पुरळ आली किंवा मूल मलूल पडले तर डॉक्टरांना दाखवा. डेंग्यूचा हाच मोसम असतो. जुलाब-उलटी थांबल्यावर ४८ तास घरी. कांजिण्यांत सगळे फोड सुकून खपली धरेपर्यंत, साधारण ५ ते ७ दिवस. गालगुंडात सूज आल्यापासून ५ दिवस. डोळे आले असतील तर घाण येणे थांबेपर्यंत. खरजेला डॉक्टरांनी दिलेले मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचे, कपडे-अंथरूण गरम पाण्याने धुवायचे, आणि मूल दुसऱ्या दिवसापासून शाळेत. एकट्या मुलाला मलम लावले तर पंधरवड्यात खरूज परत येते आणि पुन्हा तीन दिवस जातात.

नुसती सर्दी, ताप नसलेला खोकला, उवा, औषध सुरू केलेला नायटा, पडलेला दात : शाळा. उवा दिसल्या म्हणून मुलीला आठ-आठ दिवस घरी ठेवतात. एक रात्र औषध, बारीक फणी, सात ते दहा दिवसांनी पुन्हा औषध, एवढे पुरते.

सकाळी पोट दुखते आणि शाळेची वेळ टळल्यावर थांबते, असे आठवड्यात दोनदा झाले तर वर शौचालयाबद्दल आणि एखाद्याचे नाव निघाल्यावर गप्प होण्याबद्दल जे लिहिले ते पुन्हा वाचा. तोवर एखाद्या दिवशी घरी ठेवलेच, तर अंथरुणातच विश्रांती. टीव्ही, मोबाइल, दुकानातला खाऊ काही नाही.

पाऊस आणि पूर

अतिवृष्टीत शाळांना सुट्टी द्यायचा निर्णय जिल्हा प्रशासन घेते आणि कधी कधी तो काही तालुक्यांपुरताच असतो. मोबाइलवर फिरणाऱ्या आदेशावर तारीख, जिल्हा आणि तालुका वाचा. गेल्या वर्षीचे पत्र दर जुलैला नव्याने फिरते आणि अर्धा वर्ग घरी राहतो. खात्री वर्गशिक्षकांच्या निरोपावरून करा.

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात : ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. शहरातल्या दुधाळी, शाहूपुरी, नागाळा पार्क अशा सखल भागांत किंवा चिखली, आंबेवाडी या गावांत किंवा शिरोळ तालुक्यात राहात असाल तर पाणी ३५ फुटांवर गेले की दप्तर, पुस्तके, दाखल्यांच्या प्रती आणि एक गणवेश प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून वर ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत घरोघरची वह्या-पुस्तके वाहून गेली. पुस्तके भिजली तर शाळेला लगेच सांगा. नातेवाइकांकडे किंवा निवारा केंद्रात पंधरा दिवस काढावे लागले तर जवळच्या शाळेत मुलाला बसवायला मुख्याध्यापकांना विनंती करा, आणि तितके दिवस तिथे बसल्याची चिठ्ठी घेऊन ठेवा.

ज्यांची वाट कोल्हापूर पद्धतीच्या (फळ्या घालून नदीचे पाणी अडवणाऱ्या ठेंगण्या) बंधाऱ्यावरून जाते त्यांनी जूनमध्येच दुसरी वाट ठरवावी. भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी फुगल्या की हे बंधारे पाण्याखाली जातात. पाणी घोटाभर दिसले तरी त्यावरून मुलाला नेऊ नका, दुचाकीवरूनही नाही. ओढ दिसत नाही आणि खालची वाट कुठे खचलीय तेही कळत नाही. तो दिवस 'पा' म्हणून लिहा आणि घरी वाचन घ्या. असे दिवस जातातच, म्हणून बाकीचे वाचवायचे.

सण आणि गावी जाणे

कोल्हापूरकडे बेंदूर म्हणजे बैलांचा सण, त्यात कर्नाटकी बेंदूर वेगळा आणि महाराष्ट्रीय बेंदूर वेगळा. आषाढात मंगळवार-शुक्रवारी त्र्यंबोली देवीच्या गल्लोगल्लीच्या यात्रा, मग गौरी-गणपती, नवरात्र, चैत्रात जोतिबा. मुलांनी हे सगळे बघितलेच पाहिजे. दिवस जातात ते सणाच्या आधीचे आणि नंतरचे. शनिवारी दुपारी निघून रविवारी रात्री परतता येते तिथे शुक्रवार आणि सोमवार जोडले जातात. जूनमध्ये शाळेची सुट्ट्यांची यादी मिळाली की कॅलेंडरवर उतरवा आणि घरात ठरवा : वर्षभरात आजाराखेरीज चार दिवस, त्याहून जास्त नाही. ते लग्नाला वापरायचे की यात्रेला, हे आधी ठरले की ऐनवेळी वाद होत नाही. त्र्यंबोलीला पाणी घालायला पहाटे गेले तरी मूल साडेदहाच्या घंटेला पोहोचते. जोतिबाची चैत्र यात्रा वार्षिक मूल्यमापनाच्या आसपास येते, तेव्हा ती तारीख शिक्षकांना विचारून घ्या.

उसाच्या फडावर, वीटभट्टीवर आलेली कुटुंबे

दिवाळीच्या सुमाराला गळीत हंगाम सुरू होतो आणि बीडकडून ऊसतोड कुटुंबे इकडे येतात. त्यांच्या मुलांची हजेरी तिकडेही तुटते आणि इकडेही. निघताना मूळ शाळेतून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. त्यात मूल कोणत्या इयत्तेत आहे आणि कुठवर शिकले आहे ते लिहिलेले असते. फडाजवळच्या जिल्हा परिषद शाळेत वर्षाच्या मध्यातही दाखल करता येते. पत्रक नसले तरीही. पोषण आहार आणि पुस्तके तिथेही मिळतात. टोळी दर काही दिवसांनी हलते, म्हणून मुकादमाचा नंबर शाळेत द्या, आणि परत जाताना इथली हजेरी लिहून घ्या. शेजारच्या पालावर एखादे मूल शाळेविना दिसले तर जवळच्या मुख्याध्यापकांना सांगा. अशी मुले शोधून वर्गात आणणारे बालरक्षक शिक्षक जिल्ह्यात आहेत. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीच्या मुलींसाठी हजेरीच्या दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्त्याची योजना १९९२ पासून आहे. रुपया तेव्हाचा आणि आत्ताचा यांत फार फरक पडलाय, पण शाळेत विचारून नाव लावून घ्या.

दिवाळीनंतर

सुट्टीत पुन्हा रात्रीचे अकरा वाजायला लागतात. शाळा उघडायच्या आधी चार दिवस जूनमधलीच रीत, यावेळी रोज अर्धा तास. गणवेश घालून बघा; सहा महिन्यांत पँट आखूड झालेली असते. बुटात अंगठ्यापुढे पाऊण-एक सेंटिमीटर जागा आहे का तेही बघा. अंगठा लागत असेल तर मूल चालायला कुरकुरते आणि आपल्याला वाटते शाळेचा कंटाळा आलाय. रेनकोट वाळवून, घडी न घालता खुंटीला टांगून ठेवा; घडी घातलेला पुढच्या जूनमध्ये चिकटून फाटतो.